हजेरीपटाचें नाट्य

लांचखाऊ अंमलदार हा आमच्या वाङ्मयांतील एक जुना आणि, खरें बोलावयाचें तर, लाडका इसम आहे. लोकहितवादींच्या पत्रांत तो आहे. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत तो वारंवार भेटतो. आणि अलीकडील कादंबरी, नाटक व चित्रपट यांस तर त्याची उणीव कधींच भासली नाहीं. त्याचें सुटलेलें पोट, वरिष्ठांपुढें वांकणारी कंबर आणि रयतेपुढें ताठ होणारी मान यांचें वर्णन करण्यांत आमचे लेखक इतके तरबेज झाले आहेत कीं, तो रंगभूमीवर पाऊल टाकतो न टाकतो तोंच प्रेक्षकांत हंशा पिकतो. परंतु लांच ही एका हाताची टाळी नव्हे. ती देणारा कोणी असतो, ती देतांना पाहणारे शेजारीं उभे असतात, आणि जिच्या नांवावर ती उकळली जाते अशी एक मोठी मुकी जनता त्या कचेरीच्या भिंतीपलीकडे असते. या लोकांचें नाटककारांनीं काय केलें? हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसा विचारलेला नाहीं; आम्ही तो येथें विचारूं इच्छितों.

प्रथम रशियाच्या गोगोलकडे वळूं. त्याचें ‘रेविझोर’ हें नाटक १८३६ सालीं रंगभूमीवर आलें, आणि पु. ल. देशपांडे यांनीं ‘अंमलदार’ या नांवानें त्याचें रूपांतर केल्यामुळें तें आमच्या रसिकांस परकें राहिलेलें नाहीं. एका आडगांवीं राजधानींतून गुप्तपणें तपासनीस येणार अशी वार्ता येते. खाणावळीचें बिल थकवून बसलेल्या एका उडाणटप्पू तरुणास सारे अधिकारी तोच तपासनीस समजतात व एकामागून एक येऊन त्याचे खिसे भरतात. येथवरची गंमत सर्वांच्या ध्यानांत राहते. आम्हांस मात्र या नाटकाचें मर्म चौथ्या अंकांतील एका प्रवेशांत दिसतें. गांवचे व्यापारी त्या तोतयाकडे गाऱ्हाणें घेऊन येतात. नगरप्रमुख आम्हांस लुटतो, दुकानांतला हवा तो माल उचलून नेतो, अशी त्यांची फिर्याद. आणि ही फिर्याद घेऊन येतांना ते मद्य व साखरेच्या ढेपा बरोबर आणतात! लांचेविरुद्धची दाद लांच देऊन मागावयाची, यांत त्यांस कांहींच विपरीत वाटत नाहीं. पुढें पांचव्या अंकांत नगरप्रमुखाचें पारडें जड झालेलें दिसतांच हेच व्यापारी त्याची क्षमा मागतात. तेव्हां तो त्यांतील एकास आठवण देतो कीं, पुलाच्या कामीं शंभर रुबलांचेंही लांकूड लागलें नसतां वीस हजारांचा हिशेब लावलास, त्या वेळीं तुला पाठीशीं घालणारा मीच होतों. म्हणजे गाऱ्हाणें करणारा तो गुन्ह्यांतला भागीदारही. शेवटीं शिपाई येऊन खरा तपासनीस आल्याची वर्दी देतो, सारे जागच्या जागीं थिजतात आणि पडदा पडतो. गोगोलच्या लोकांजवळ वरून येणाऱ्या तपासनिसाची वाट पाहण्यापलीकडे दुसरा उपायच नाहीं.

या व्यापाऱ्यांस हंसण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाहीं, हेंही सांगून टाकतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं वडिलार्जित जमिनीच्या वारसनोंदीसाठीं आम्हांस चार खेपा घालाव्या लागल्या. पांचव्या खेपेस ‘चहापाणी’ या सुसंस्कृत नांवाखालीं कांहीं नोटा आम्हीं पुढें केल्या, फेरफार बिनबोभाट झाला, आणि त्याच आठवड्यांत ‘अंमलदार’चा एक हौशी प्रयोग पाहून आम्ही पोट धरधरून हंसलों. असो.

दुसरें नाटक आमच्या घरचें. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यांत झाला. या नाटकावर जे निंदेचे आरोप झाले त्यांचा ऊहापोह येथें करणें नाहीं. आम्हांस त्यांतील लोक पाहावयाचे आहेत. पुण्यांत अपमानित झालेला कनोजी घाशीराम आपली पोटची पोर नानांच्या हवालीं करून कोतवाली मिळवितो, आणि मग शहरांतील प्रत्येक गोष्टीस परवाना लागूं लागतो. हे सारें लोक सोशितात; सोशितात एवढेंच नव्हे, तर शेजाऱ्यावर आलेला प्रसंग भिंतीआडून पाहत राहतात. तेंडुलकरांनीं आणि दिग्दर्शक जब्बार पटेलांनीं माणसांचीच भिंत रंगमंचावर उभी केली, ती केवळ नेपथ्याची युक्ति नव्हती. कोठडींत माणसें गुदमरून मेल्यावर ही भिंत हलते, तिचा जमाव होतो, जमाव नानांच्या दारीं जातो, नाना हुकुमावर सही करतात, आणि घाशीराम दगडांनीं ठेंचला जातो. १७९१ सालच्या इतिहासांतही कोतवालाचा अंत असाच झाला. नाटकांत त्यानंतर नाना पुढें येऊन शहरावरचें अरिष्ट टळल्याचें जाहीर करतात व उत्सवाची आज्ञा देतात. लोक नाचतात.

दगडफेकीची निंदा करणें सोपें आहे. ती अमानुष आहे हें सांगण्यास टीकाकाराची गरज नाहीं. आम्ही वेगळी गोष्ट म्हणतों. त्या दगडांनीं साक्षीदारच मारला गेला. कोतवाली कोणीं दिली, कशाच्या बदल्यांत दिली, हें ज्याच्या तोंडून निघावयाचें तें तोंडच जमावानें बंद केलें, आणि तें बंद होण्यांत ज्याचा सर्वांत मोठा लाभ होता त्याच्याच सहीनें केलें. अहिंसेचा विचार आपण बहुधा पापपुण्याच्या अंगानें करतों. पण लांचेच्या बाबतींत ती हिशेबाचीही गरज आहे. ज्याच्याकडून जाब घ्यावयाचा तो जिवंत, समोर बसलेला आणि बोलण्यास मोकळा असला पाहिजे.

तिसरा इब्सेन. ‘लोकशत्रु’ या १८८२ च्या नाटकांतील डॉक्टर स्टॉकमन यास गांवच्या स्नानगृहांचें पाणी दूषित असल्याचें कळतें, आणि गांवची मिळकत बुडेल या भयानें सारें गांव सभा भरवून त्यालाच शत्रु ठरवितें. हा शुद्ध अर्थानें लांचेचा विषय नव्हे, तरी कारभाऱ्यांनीं हितासाठीं सत्य दडपण्याचा आहेच. डॉक्टर शेवटीं एकटेपणालाच बळ मानतो. सत्यजित राय यांनीं १९८९ मध्यें ‘गणशत्रु’ या चित्रपटांत ही कथा बंगालच्या एका देवळाच्या तीर्थावर नेली, तेव्हां त्यांस हा शेवट रुचला नसावा. डॉक्टरच्या बाजूनें घोषणा देत येणाऱ्या तरुणांचा आवाज त्यांनीं अखेरीस आणला. परंतु तो आवाज दारांबाहेरच राहतो.

येणेंप्रमाणें नाटककारांनीं लोकांस तीन भूमिका दिल्या: वरिष्ठाकडे गाऱ्हाणें नेणारे, खालच्या माणसावर दगड उचलणारे, आणि सत्य सांगणाऱ्यास एकटें पाडणारे. चौथी भूमिका आम्हांस कोणत्याही नाट्यगृहांत सांपडली नाहीं. ती सांपडली राजस्थानांतील एका कोरड्या मुलखांत, आणि ती ज्यांनीं रचली ते नाटककार नव्हते.

राजसमंद जिल्ह्यांत देवडुंगरी नांवाचें एक लहानसें गांव आहे. प्रशासकीय सेवेंतून १९७५ सालीं बाहेर पडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे, आणि लोकनाट्य व बाहुल्यांचा खेळ यांत निष्णात असलेले शंकर सिंह हीं मंडळी १९८७ पासून तेथें मातीच्या घरांत राहूं लागलीं. १ मे १९९० रोजीं ‘मजदूर किसान शक्ति संघटन’ स्थापन झालें. भांडण अगदीं साधें होतें. दुष्काळी कामावर सरकारनें ठरविलेली किमान मजुरी हातीं पडत नव्हती. मजुरांनीं विचारलें तर उत्तर येई कीं, तुम्ही तेवढें काम केलेंच नाहीं, तसें कागदांत लिहिलें आहे. मग कागद दाखवा, असें म्हटलें तर कागद गुप्त! ज्या कागदावर आपलें नांव, आपले दिवस आणि आपला अंगठा आहे तो आपणांसच पाहतां येत नाहीं, या एका गोष्टींतून पुढचें सारें उगवलें. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळापासून ‘हजेरीपट’ हा शब्द ज्या खेड्यांतून रुळला, तेथील वाचकांस हें निराळें समजावून सांगणें नलगे.

१९९४ च्या डिसेंबरांत पाली जिल्ह्यांतील कोटकिराना येथें पहिली जनसुनावणी भरली. तिची रचना पाहण्याजोगी आहे. आधीं खटपटीनें कागद मिळवावयाचे: हजेरीपट, सामानाचीं बिलें, कामाच्या मोजणीच्या नोंदी. मग ते घेऊन घरोघर जावयाचें व प्रत्येकास विचारावयाचें. नंतर एका दिवशीं मंडप घालून सारा गांव बोलवावयाचा. बाहेरचे वकील, पत्रकार असे कांहीं जाणते लोक पंच म्हणून बसवावयाचे. अधिकाऱ्यांस व सरपंचास आमंत्रण द्यावयाचें. आणि मग वाचावयाचें. बस्स, वाचावयाचें. अमुकाचा अमुक, इतके दिवस, इतकी मजुरी. नांव ज्याचें असेल तो उभा राहतो आणि सांगतो कीं, त्या पंधरवड्यांत मी गांवांतच नव्हतों; किंवा इतके नव्हे, इतकेच मिळाले. कधीं वाचलेल्या नांवाचा माणूस फार पूर्वींच मेलेला निघे. प्रथम हंशा उसळावा, आणि तो हंसें संपण्यापूर्वींच संतापांत बदलावा, असा हा प्रसंग. हास्याचा रौद्रांत असा प्रवेश आम्हीं कोणत्याही प्रहसनांत पाहिलेला नाहीं. २००१ मध्यें जनावद या पंचायतीच्या सुनावणींत तर कागदावर पुरीं झालेलीं पण जमिनीवर कधींच न उठलेलीं कामें बाहेर आलीं. गोगोलच्या त्या पुलास निदान शंभर रुबलांच्या आंतलें कां होईना, लांकूड लागलें होतें.

या प्रयोगांत नट आणि प्रेक्षक हा भेद उरत नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तें म्हणणार नाहीं, कारण हें वाक्य अलीकडे प्रत्येक पथनाट्याविषयीं म्हटलें जातें. खरी नवलाई संहितेची आहे. संहिता शत्रुपक्षानें लिहिलेली आहे! तींत एक शब्दही बदलावयाचा नाहीं. ती जशीच्या तशी, ज्यांचीं नांवें तींत आहेत त्यांच्यासमोर मोठ्यानें वाचली कीं पुरे. बंद कपाटांत जो कागद खरा, तोच मंडपांत खोटा ठरतो. बंद खोलींतल्या एका साहेबास हें साधत नाहीं. कारण कोणता माणूस कोणत्या दिवशीं कोठें होता याचें ज्ञान एकट्या कोणासच नसतें, तें साऱ्या गांवांत वाटलेलें असतें. आणि या नाटकास जमाव लागतो तो डोक्यांच्या संख्येसाठीं नव्हे, तर प्रत्येक डोक्यांतील निराळ्या आठवणीसाठीं. तशीच भीतीचीही वाटणी होते. मुकादमाविरुद्ध एकटी बोलणारी बाई दुसऱ्या दिवशीं कामावरून निघेल; चाळीस जणी एकामागून एक बोलल्या तर कोणाकोणास काढणार?

संघटनेनें करमणुकीचा हात सोडला नाहीं, हेंही तिचें शहाणपण. बाहुल्या, गाणीं, पुढाऱ्याचें सोंग घेऊन निघालेली ‘घोटाळा रथयात्रा’ हें सर्व त्या मुलखाच्या लोककलेंतून आलें. तथापि सरकारनें केलेला विनोद या सर्वांहून सरस ठरला. १९९६ च्या ६ एप्रिलपासून ब्यावर येथें चाळीस दिवस धरणें झालें; खेड्यांनीं धान्य पाठविलें, शहरानें साथ दिली. कागदांच्या प्रती मिळण्याचा नियम व्हावा एवढीच मागणी. पुढील वर्षीं जयपुरास पुन्हा त्रेपन्न दिवस लोक बसले. तेव्हां शेवटीं सरकारनें सांगितलें कीं, पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याविषयींची अधिसूचना कांहीं महिन्यांपूर्वींच निघालेली आहे! म्हणजे माहितीचा हक्क देणारा हुकूम हाच गुप्त राहिला होता. गोगोल असता तर त्यानें हा प्रवेश अतिशयोक्तीचा म्हणून गाळला असता.

आतां या नाट्याचे दोष. १९९८ च्या आरंभीं कांहीं सरपंचांनीं सुनावणींत उघडकीस आलेली रक्कम लोकांसमोर परत करण्याचें कबूल केलें, याचा मोठा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. परंतु सरपंच कोण, हेंही पाहिलें पाहिजे. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रिया व दलित यांस राखीव जागा मिळून त्यांतील पुष्कळ जण प्रथमच त्या खुर्चीवर बसले. सचिवानें दाखविलें तेथें सही करणें, एवढाच अधिकार कित्येकांच्या वांट्यास आला. मंडपांत जाब द्यावयास हीच माणसें बसतात. मोजणीची नोंद भरणारा अभियंता, वरचा अधिकारी, टक्केवारी ठरविणारा पुढारी यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या कीं दृश्य कसें दिसतें? घाशीराम मंडपांत आहे, नाना वाड्यांत. दगड नाहींत, हा फरक थोडा नव्हे. परंतु लज्जेचाही मारा होऊं शकतो, आणि तो नेहमींप्रमाणें खालच्या पायरीवर अधिक जोरानें बसतो. ज्या सुनावणींत रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून तिच्या मालकाचें नांवही वाचलें जातें, तीच आम्ही पुरती झाली असें मानूं.

राजस्थानांतील या शांत वाचनाच्या शेजारीं २०११ सालचें दिल्लीचें दृश्य ठेवावेंसें वाटतें, आणि त्याचे नायक राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे असल्यामुळें आम्हां मराठी लोकांस तें ठेवणें प्राप्तच आहे. महाराष्ट्राचा २००२ चा माहिती-अधिकाराचा कायदा होण्यांत अण्णांच्या आंदोलनाचा वाटा होता. तें ऋण आम्ही विसरत नाहीं. परंतु त्या ऑगस्टांत रामलीला मैदानावर जे हजारों लोक जमले त्यांच्या टोप्यांवर काय लिहिलें होतें? ‘मैं अन्ना हूँ’. प्रत्येकानें आपलें नांव पुसून नायकाचें नांव डोक्यावर घेतलें. हजेरीपटाच्या वाचनांत याच्या अगदीं उलट घडतें. तेथें आपल्या नांवाची हांक येते आणि आपणच उठावें लागतें, दुसऱ्याचें नांव सांगून भागत नाहीं. नायक उपाशी आहे तोंवर लोक जागे, आणि उपास सुटला कीं लोक घरीं, हें त्या नाट्याच्या रचनेंतच होतें. मागणी तरी कशाची होती? लोकपालाची, म्हणजे खऱ्या तपासनिसाची. संसदेनें कायदा २०१३ च्या डिसेंबरांत मंजूर केला आणि पहिले लोकपाल २०१९ च्या मार्चांत नेमले गेले. शिपायाच्या वर्दीपासून तपासनीस प्रत्यक्ष येईपर्यंत पांच वर्षांहून अधिक काळ लोटला! गर्दी मोठी होती, शांत होती, सज्जन होती. तिच्याजवळ वाचावयास कागद नव्हता.

आतां कागद सर्वांस खुला आहे, असें कोणी म्हणेल. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती-अधिकार कायदा अंमलांत आला, त्याच वर्षींच्या रोजगार-हमी कायद्यांत सामाजिक अंकेक्षणाचें कलमही घातलें गेलें. हा विजय लहान नव्हे. परंतु आम्हांस यांत एक सूक्ष्म हानि दिसते, आणि ती बोलून दाखविणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे. जें काम मंडपांत सर्वांनीं मिळून करावयाचें होतें तें कायद्यानें एकेका अर्जदाराच्या हातीं दिलें. अर्ज एकाचा, पत्ता एकाचा, अपील एकाचें. कागद मिळतो तो टपालानें एका घरीं. तेथें तो एकटा वाचला जातो, आणि त्याचा शत्रु कोण हें शत्रूसही नेमकें कळतें. म्हणजे आपण फिरून इब्सेनच्या डॉक्टरापाशीं आलों. तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनीं या हक्काचा उपयोग करून जमिनीच्या व्यवहारांतील गैरप्रकार बाहेर आणले होते. १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां त्यांची हत्या झाली. त्यांच्या धैर्याविषयीं त्यानंतर पुष्कळ लिहिलें गेलें, आणि लिहिणारांत आमच्यासारखेच घरीं बसलेले लोक होते. त्यांच्या हातांतले कागद ज्या गांवच्या जमिनींचे, तेथील शेंदोनशें माणसांनीं ते चावडीवर वाचले असते तर, हा प्रश्न त्या लिखाणांत आम्हांस कोठें आढळला नाहीं. आमच्या कथाकादंबऱ्यांतूनही अर्ज करणारा तो एकटा, तडफदार, बहुधा अविवाहित, आणि शेवटच्या प्रकरणांत मरणाराच असतो. लेखकांस हुतात्मा लिहितां येतो. वाचनसभा लिहितां येत नाहीं.

आश्चर्य असें कीं, मराठी रंगभूमीच्या अगदीं आरंभीं ती लिहिली जाण्याच्या बेतांत होती. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक रचून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें; कमिटीनें तें नाकारलें, आणि १९७९ पर्यंत तें छापलेंही गेलें नाहीं. त्यांतील लुबाडणारा कोणी सरकारी अंमलदार नव्हे, ग्रहांची भीति घालून गरोदर कुणबिणीच्या घरून पैसा उकळणारा जोशी आहे. परंतु जोतीरावांनीं त्या कुणब्याच्या हातीं दगड दिला नाहीं, त्यास कोणा साहेबाकडे गाऱ्हाणें घेऊनही धाडलें नाहीं. नवरा-बायको दोघें रात्रीच्या शाळेंत वाचावयास शिकण्यासाठीं निघतात, आणि नाटक संपतें. बायको बरोबर जाते, हें विशेष. त्या शाळेंतून परतल्यावर दोघांनीं जोशीबोवांपुढें खर्चाची यादी ठेवून ती आळींतल्या लोकांदेखत वाचली कीं नाहीं, हा अंक जोतीरावांनीं लिहिलेला नाहीं.

तो अंक कोणी लिहावयास घेईल तर त्यास एक अडचण येईल, ती आम्ही जाणतों. याद्या कंटाळवाण्या असतात. सिमेंटचीं पोतीं, दगडांच्या गाड्या, दिवस, दर, बेरीज. नाट्यगृहांतला प्रेक्षक दहा मिनिटांत चुळबुळ करूं लागेल, आणि दिग्दर्शक मध्येंच एखादें गीत घालावयास सुचवील. परंतु कोटकिरान्याचे लोक त्याच याद्या ऐकत बसून राहिले, तें यादींतील कोणत्याही क्षणीं आपलें नांव येईल म्हणून. हें बसून राहणें रंगमंचावर कसें आणावें, याचा विचार एकांकिकास्पर्धांतील आमच्या तरुण मित्रांनीं करावा. प्रयोग लागला तर आम्ही तिकीट काढून येऊं, आणि आमचें नांव त्या यादींत असलेंच, तर ‘चहापाण्या’चा तो जुना हिशेब उभे राहून सांगूं.